बैलाला नऊ तास, कोयत्याला किती?

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : ऊसतोड कामगार आणि ऊस वाहतूक करणारे चालक यांच्या झोपेची तरतूद गाळप परवान्यातच करण्याबाबत.

महोदय,



मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला राहते. परिचारिका आहे आणि गेली चौदा वर्षे रात्रपाळ्या करते आहे. साखर धंद्यातली मी जाणकार नाही. पण मी एका ऊसतोड जोडप्याची मुलगी आहे आणि हंगामात अपघात झालेली माणसे पहाटे माझ्यासमोर येतात. या दोन नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण विषय माझ्या एकटीचा नाही.

एक पहाट सांगते. चार वाजत आले होते. बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलाला दोघांनी धरून आणले. तो उसाच्या ट्रॅक्टरवर चालक होता. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघाला आणि वळणावर न वळता ट्रॅक्टर थेट चारीत गेला. खांद्याजवळचे हाड मोडले होते, कपाळावर खोक पडली होती. जखम धुताना तो एकच वाक्य परत परत बोलत होता, "सिस्टर, मी झोपलो नव्हतो. नुसता डोळा मिटला." तो दारू प्यायलेला नव्हता. मी विचारले, शेवटचा कधी झोपलास? त्याने बोटे मोजली. "परवा दुपारी. नंबरात उभा होतो तेव्हा, सीटवरच."

नंबर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. भरलेले वाहन कारखान्याच्या आवारात रांगेत उभे राहते. आधी वजनकाटा, मग गव्हाण, म्हणजे ऊस यंत्रात सोडायची जागा. ही रांग कधी दोन तासांची असते, तर कधी सबंध रात्रीची. गाडी रिकामी झाली की चालक पुन्हा फडाकडे निघतो. जितक्या खेपा तितके पैसे. रांगेत गेलेली रात्र त्याच्या हिशेबात धरली जात नाही. ती फक्त त्याच्या डोळ्यांत उतरते.

आमचा तालुका या धंद्याच्या दोन्ही टोकांना आहे. दक्षिणेला भीमेचा काठ, सिद्धटेकपासून खेडपर्यंतचा पट्टा. तिथे ऊस उभा असतो. बाकीचा बराच तालुका जिराईत, पावसाच्या भरवशावरचा. त्या कोरड्या भागातून, शेजारच्या जामखेडमधून, पाथर्डीतून आणि बीड जिल्ह्यातून माणसे कोयता घेऊन निघतात. दसरा झाला, राशीनच्या देवीचे दर्शन झाले की गावातल्या घरांना कुलपे लागू लागतात. माझे आई-आबा असेच निघायचे. मी नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबरोबर जात असे. नंतर आजीने मला शाळेसाठी ठेवून घेतले, म्हणून आज मी हे पत्र लिहू शकते.

कोयता हा शब्द आमच्याकडे फक्त हत्याराचा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, "किती कोयते आहेत टोळीत?" तेव्हा तो जोडप्यांची संख्या विचारत असतो. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडप्याला मिळते आणि ती फेडायचीही जोडप्यानेच. या एका कोयत्याचा दिवस कसा जातो ते मी जवळून पाहिले आहे.

आई तीनला उठायची. तीन दगडांची चूल, पाणी भरणे, दिवसभराच्या भाकरी थापणे. पाचच्या आधी फडात. थंडीत उसाच्या पानांवर दव असते आणि पान ओले असले तरी कापायचे सोडत नाही. दोघांच्या दंडांवर बारीक चिरांची जाळी असायची. आबा तोडत, आई पाचट काढून वाढे वेगळे करी, मोळ्या बांधी. दुपारी बारा-एकला भाकरी. पुन्हा काम. अंधार पडता पडता खोपीवर. मग स्वयंपाक, भांडी, धाकट्या भावाचे पाहणे. आणि डोळा लागतो न लागतो तोच मुकादमाची हाक, "उठा, गाडी आली."

गाडी कधीही यायची. रात्री अकराला, एकला, तीनला. ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात भरणी चाले. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचे. एके रात्री आई त्या फळीवरून खाली आली. पाय घसरला असे सगळे म्हणाले. कितीतरी वर्षांनी तिने मला सांगितले, "पाय नाही गं घसरला. मला वाटलं मी खोपीत निजले आहे." डाव्या मनगटाचे हाड वाकडे जुळले, ते आजही तसेच आहे. तो कारखाना कोणता हे मी लिहिणार नाही. माझी तक्रार एका कारखान्याविषयी नाही. त्या रात्री नियम मोडणारे कोणी नव्हते. मोडायला नियमच नव्हता.

महोदय, पुढच्या तीन गोष्टी आपण शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात अशी माझी विनंती आहे.

पहिली, कारखान्याच्या आत. गव्हाणीपासून पोती शिवण्यापर्यंत सगळे काम आठ आठ तासांच्या तीन पाळ्यांत चालते. भोंगा वाजला की एक जण निघतो, दुसरा त्याची जागा घेतो. यंत्र चोवीस तास चालणार म्हणूनच माणसे बदलली पाहिजेत, हे तिथे सर्वांना मान्य आहे.

दुसरी, रस्त्यावर. बस आणि मालमोटारींच्या चालकांसाठी १९६१ सालीच मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी त्यात तरतूद होती.

तिसरी, बैलाची. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यानुसार बैलाला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर गेले असेल तर दुपारी बारा ते तीन त्याला जुंपायचे नाही. नियम चांगलाच आहे. आबांना तो कागद माहीत नव्हता, तरी ते असेच वागायचे. बैलगाडीवर असताना कारखान्यावरून परत आल्यावर आधी बैलांच्या मानेवरचे जू उतरवायचे, हात फिरवून मान पाहायची, वाढे टाकायचे आणि मगच स्वतः पाणी प्यायचे. बैल थकला की बसतो, त्याला मारून उठवायचे नसते, असे ते आम्हाला सांगत.

त्याच गाडीपुढे चालणाऱ्या माणसाचे आणि फळीवर मोळी चढवणाऱ्या बाईचे तास मात्र कोणी मोजत नाही. उसाच्या प्रवासाचा शेवट आठ तासांच्या पाळीत होतो आणि सुरुवात जिथे होते तिथे पाळीच नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सारे त्याच्या पुष्टीसाठी.

थकवा हा मनाचा कच्चेपणा आहे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. "कामाचा माणूस थकत नाही" हे वाक्य मी घरात ऐकले, फडात ऐकले आणि नोकरीतही ऐकले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी लागोपाठ सहावी रात्रपाळी करत होते. पहाटे साडेचारला मी एका रुग्णाचे इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी भरले. दोघांच्या कागदांवरची नावे मी वाचली होती. डोळ्यांनी वाचली, पण ती आत पोचली नाहीत. माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या सिस्टरने सिरिंज टोचायच्या आधी नेहमीप्रमाणे नाव विचारले, म्हणून अनर्थ टळला. त्या रात्री मी कामचुकार नव्हते. काळजी घेणारीही होते. रुग्णाला वाचवले ते माझ्या निष्ठेने नव्हे, दोघींनी नाव तपासायचे या नियमाने. तेव्हापासून थकलेल्या माणसाला धीर देऊन मी थांबत नाही. त्याच्या पाठीशी एखादा नियम आहे का, हे आधी पाहते.

शरीराला स्वतःचे घड्याळ असते. ते पेशीपेशीत कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या घड्याळानुसार पहाटेच्या वेळी शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि सावधपणाही तेव्हाच तळाला जातो. ती वेळ साधारण तीन ते पाचची. ज्या वेळेला आमच्याकडे जखमी येतात तीच. सवयीने ही वेळ सरावाची होते असे लोक म्हणतात. माझ्या आईला फड सोडून अकरा वर्षे झाली. आजही ती पहाटे तीनला दचकून उठून बसते. हाक मारणारे कोणी नाही हे तिला ठाऊक आहे, तिच्या शरीराला अजून ठाऊक नाही. सवय झाली ती जाग येण्याची. झोप न मिळण्याची सवय कोणाच्याच शरीराला होत नाही.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक तुलना मांडली. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस हातांच्या आणि डोळ्यांच्या कामात तितकाच चुकतो, जितका रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला माणूस चुकतो. चोवीस तास जागरण झाले की ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाला घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता आईचा दिवस मोजा. पहाटे तीनला उठलेल्या बाईचे सतरा तास रात्री आठला पूर्ण होतात. म्हणजे रात्री अकराला फळीवर चढणारी माझी आई, थेंबभर न पिता, कायद्याच्या भाषेत नशेत असलेल्या चालकाइतकी बेसावध होती. आणि चारीत गेलेल्या त्या मुलाच्या तोंडाचा वास घेतला गेला, पण तू किती तास जागा आहेस हे माझ्याआधी त्याला कोणीच विचारले नव्हते.

डोळा मिटतो तो चार सेकंदांसाठी. ताशी तीस किलोमीटर वेगाने चाललेला ट्रॅक्टर चार सेकंदांत तेहतीस मीटर जातो. मागे दोन ट्रॉल्या ऊस, समोर एखादी दुचाकी किंवा पहाटेची दुधाची गाडी. मिरजगावावरून जाणारा नगर-सोलापूर महामार्ग असो, नाही तर राशीनचा रस्ता, तेहतीस मीटर ही मोठी लांबी आहे. त्यात कोणाचे घर मोडते ते आम्ही पाहतो.

रात्री उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी किती मोठ्याने लावतात म्हणून गावोगावी लोक चिडतात. मीही चिडायचे. मग एका चालकाने मला सांगितले, "ताई, गाणं ऐकायला लावत नाही. त्याच्या आवाजाने डोळे उघडे राहतात." तेव्हापासून तो आवाज दूरवरून आला की एक माणूस झोपेशी झुंजत येतो आहे, हे मला कळते. पण आवाजाचा हा उपाय थोडा वेळच चालतो. चहा, तंबाखू, मिश्री, तोंडावर गार पाणी, सगळ्यांची गत तीच. झोपेचे देणे झोपेनेच फिटते.

माझ्यापरीने मी या माणसांना काही गोष्टी सांगत असते. संध्याकाळी खोपीवर आल्यावर शक्य तर वीस मिनिटे आडवे व्हा, मग चुलीकडे वळा. एवढ्या लहान झोपेनेही हातपाय ताळ्यावर येतात. चहा संध्याकाळनंतर नको. त्यातली उत्तेजना अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात आणि मिळालेली झोपही उथळ होते. फडात तहान लागायची वाट पाहू नका, पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाला. फळीवर एकच बाई सलग चढू नका, वरचे आणि खालचे काम आलटून पालटून घ्या. चालकाला सांगते, लागोपाठ दोन जांभया आल्या, मागचा फाटा कधी गेला ते आठवेना झाले, की गाडी कडेला घे, दिवे चालू ठेव, वीस मिनिटे डोळे मीट, उठल्यावर खाली उतरून चार पावले चाल आणि मगच स्टिअरिंगला हात लाव.

ते ऐकतात आणि मान हलवतात. एकदा एका बाईने मला शांतपणे विचारले, "सिस्टर, वीस मिनिटं निजले आणि तेवढ्यात गाडी आली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर माझ्याकडे असणारही नाही, कारण गाडी कधी येणार हे मी ठरवत नाही. ते ठरते ऊसतोडीच्या कार्यक्रमात, आणि तो कार्यक्रम चालतो आपण दिलेल्या परवान्यावर. म्हणून त्या बाईचा प्रश्न मी आपल्याकडे आणला आहे.

तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही, त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, हे मला माहीत आहे. गव्हाण रिकामी राहणे कारखान्याला परवडत नाही, हेही कळते. त्यात गाळपाचे दिवस कमी झाले आहेत. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसांच्या आतच आटोपले. दिवस कमी, ऊस मिळवायची चुरस जास्त. त्यामुळे घाई वाढली. पण ती घाई साखळीत कुठे जाऊन साचते ते पाहा. यंत्राला थांबवायचे नाही, रांगेतल्या वाहनाला थांबावे लागते, वाहन उशिरा फडात पोचते, आणि झालेल्या उशिराची किंमत तिथे झोपलेले जोडपे आपली झोप मोडून भरते. सगळ्यांचा उशीर एकाच ठिकाणी फेडला जातो.

कोणी म्हणेल, कामगारांनाच जास्त काम हवे असते. खरे आहे. टनावर पैसे आणि डोक्यावर उचल असेल, तर कोणीही झोप विकेल. आबांनीही विकली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा आमच्या वस्तीवर आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण दर वाढल्याने रात्र लांब होत नाही. शिवाय झोप विकून केलेले काम स्वस्तही पडत नाही. थकलेला हात ऊस जमिनीलगत तोडत नाही, वीतभर वर तोडतो. आणि उसात साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्याकडे. थकलेल्या हाताकडून पाचट नीट निघत नाही, तो कचरा गव्हाणीत जातो. कोयता पायावर बसला की जोडप्याचे आठ-पंधरा दिवस जातात आणि वर खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, लागतो. बाईच्या शरीराला तर याची किंमत आणखी पडते. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली समोर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायका पाहणीत १३ हजारांहून अधिक निघाल्या. त्यामागची कारणे अनेक आहेत. पण पाळीच्या चार दिवसांतही ज्या बाईला बसायची मुभा नाही, ती आपल्या शरीराचा तो भागच काढून टाकायला तयार होते, यात थकव्याचाही वाटा आहे असे मला परिचारिका म्हणून वाटते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात म्हटले आहे. आमचा एक कोयता ५५ तास चौथ्या दिवशीच ओलांडतो.

विश्रांती मागणे ही या मातीत नवी गोष्ट नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणीत राबणाऱ्या मुंबईच्या कामगारांना घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवली. आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा, अशा मागण्या तिथे झाल्या. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य करायला १० जून १८९० उजाडावे लागले. आज आपण सगळे जो रविवार उपभोगतो तो असा मिळालेला आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दोन्ही वेळी धंदा बुडेल अशी भीती होती. धंदा बुडाला नाही.

आणि आमचा जिल्हा तर सहकारी साखरेचे माहेरघर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी, लोणीला, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप सुरू झाले. ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे त्याआधी कोणाला खरे वाटले नसते. ज्या जिल्ह्याने तेवढे करून दाखवले, त्याला ऊस तोडणाऱ्याच्या सहा तासांच्या झोपेची व्यवस्था जड जाईल असे मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत.

पहिली. रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत कोणत्याही टोळीला भरणीसाठी उठवू नये. या वेळेत फडात पोचलेले वाहन थांबेल. भरणी अगदीच टळत नसेल, तर त्या टोळीची दुसऱ्या दिवसाची तोड तेवढे तास उशिरा सुरू होईल, आणि ते लेखी असेल. आज उसाची नोंद मोबाइलवर होते, वाहनांचे नंबर संगणकावर लागतात. गाडी साधारण कधी पोचेल हे टोळीला आधी कळवणे यापेक्षा अवघड नाही.

दुसरी. वजनकाट्यावर प्रत्येक वाहनाच्या येण्याजाण्याची वेळ नोंदली जातेच. त्याच नोंदीत चालकाचे नाव घालावे. एकच माणूस लागोपाठ खेपा करताना दिसला, तर विश्रांती झाल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडू नये. कारखान्याच्या आवारात चालकांसाठी छप्पर, खाटा, पाणी आणि शौचालय असावे, आणि झोपलेल्या चालकाचा नंबर जाऊ नये.

तिसरी. प्रत्येक टोळीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. सगळ्या टोळ्यांना एकाच दिवशी नको, गव्हाण थांबायला नको, पाळीपाळीने द्यावी. त्या दिवसाचा खाडा धरू नये. आषाढात, टोळ्या गावी असतात तेव्हा, कामिका एकादशीला आमच्या कर्जतला संत गोदड महाराजांचा रथ निघतो. रथ दिवसभर चालतो, पण एकच माणूस दिवसभर दोर ओढत नाही. एकाच्या हाताला कढ आला की मागचा पुढे होतो. हात बदलतात म्हणून रथ थांबत नाही. हंगामही असाच चालवता येईल.

चौथी. खोपींजवळ पाणी, उजेड आणि शौचालय. ही मागणी वरवर झोपेची वाटणार नाही. पण लांबून हंडा आणायचा नसेल आणि अंधार असतानाच बाहेर जाऊन यायची गरज नसेल, तर बाई तीनऐवजी साडेचारला उठू शकते. कोयत्याच्या दिवसात दीड तास वाचवायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

हे आपल्या हातात आहे का, असे कोणी विचारील. गाळपाचा परवाना आपले कार्यालय देते. शेतकऱ्याच्या ऊसबिलाची थकबाकी राहिली की परवाना अडतो, हे आम्ही दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेतले जातात. म्हणजे शेतकऱ्याचे पैसे आणि कामगाराचे कल्याण या दोन्ही गोष्टी कारखान्याच्या हिशेबाला आधीच जोडल्या गेल्या आहेत. विश्रांती त्यात तिसरी येईल. वाट तयार आहे, तिच्यावर आणखी एक पाऊल टाकायचे आहे.

आबा आता नाहीत. त्या चालक मुलाचे हाड सांधले आहे आणि येत्या हंगामात तो पुन्हा ट्रॅक्टरवर असेल, कारण दुसरे काम नाही. त्याला मी वीस मिनिटांच्या झोपेचे पुन्हा सांगेन. पण ती झोप घ्यायला त्याला जागा आणि वेळ कारखान्याने दिला पाहिजे, आणि कारखान्याला तसे सांगायचा अधिकार आपल्याकडे आहे.

परवान्याच्या अर्जात कारखान्याला बरीच माहिती भरून द्यावी लागते. त्यात एक रकाना वाढवावा : टोळीच्या झोपेची वेळ, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. तो रकाना रिकामा असेल तर अर्ज अपुरा समजावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक परिचारिका, ऊसतोड जोडप्याची मुलगी
कर्जत, जि. अहिल्यानगर